गाळावर वसलेलं अभयारण्य

पावसाळा लागला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत धरणसाठ्याचा तक्ता रोज छापून येतो. गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड, करंजवण अशी नावं, पुढे क्षमता, आजचा साठा आणि गेल्या वर्षीचा याच तारखेचा साठा. बहुतेकांची नजर आधी गंगापूरवर जाते, कारण शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं. मी मात्र त्यातल्या एका छोट्या आकड्यापाशी थांबते. नांदूरमध्यमेश्वर, 257 दशलक्ष घनफूट. दारणेचे 7149, गंगापूरचे 5630 आणि ह्याचे 257. खाली पैठणला जायकवाडीत शंभर टीएमसीहून अधिक पाणी मावतं; एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. त्या हिशेबात नांदूरमध्यमेश्वर म्हणजे जेमतेम पाव टीएमसी. धरण म्हणून ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

याच पाव टीएमसीवर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा, उभं आहे. 1986 मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2020 च्या जानेवारीत त्याला रामसर दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्याच्या मागून आली. हिवाळ्यातल्या रविवारी चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर शाळांच्या सहली येतात, मोठाल्या लेन्सवाले फोटोग्राफर पहाटेपासून जागा धरून बसतात. बहुतेकजण रोहित (फ्लेमिंगो) दिसले का, क्रौंच आले का, हे विचारत असतात. मला सांगायचं आहे ते त्या पक्ष्यांच्या पायाखाली काय आहे त्याबद्दल. तिथे गाळ आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ थरावर थर बसत गेलेला काळा, मऊ, चिकट गाळ. हे अभयारण्य त्याच्यावर वसलं आहे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे एकमेकींना भेटतात तिथे हा दगडी बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने तो बांधला. त्याच्या आधीच्या पंचवीस वर्षांत दख्खनने एकामागून एक दुष्काळ पाहिले होते. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत निफाडच्या पूर्वेला फारसं पाणी उरत नाही; कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, वैजापूर हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. नदी त्याच मुलखातून वाहायची, पण खालून, आणि शेतं वर. म्हणून बंधारा घालून नदीची पातळी कालव्याच्या तोंडापर्यंत उचलायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पाणी पूर्वेकडे न्यायचं, अशी ही योजना. साठवणीसाठी पुढे वरच्या अंगाला दारणा झालं, 1916 साली. नांदूरमध्यमेश्वरचं काम फक्त पाणी उचलून देण्याचं. वरच्या धरणांतून पाळीपाळीने सुटलेलं पाणी, म्हणजे आवर्तन, इथे येतं, इथून कालव्यात शिरतं आणि पुढे जातं. नंतर मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही इथूनच निघाला.

वाहती नदी थांबलेल्या पाण्याला येऊन मिळाली की तिचा वेग मोडतो. वेग मोडला की तिने वाहून आणलेलं सगळं ती खाली ठेवते. आधी जाड वाळू, मग बारीक रेती, मग शेतांतून धुऊन आलेली काळी माती. दरवर्षीचा पूर थोडा थोडा थर टाकत गेला. त्या थरांची बेटं झाली, बेटांवर लव्हाळा आला, मग पाणकणसाची बनं उभी राहिली, उंचवट्यांवर बाभळी रुजल्या. बेटांच्या मधून उथळ पाण्याच्या गल्ल्या राहिल्या. पाटबंधाऱ्याच्या वहीत ही सगळी हानी आहे, साठवण क्षमतेतली घट. त्याच घटीमुळे इथे पाणथळ कुरण तयार झालं. त्याचा आराखडा कुणी काढला नव्हता आणि त्यासाठी कुणी निधीही मागितला नव्हता.

मला या जागेचं हेच सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं. निसर्ग म्हटलं की आपल्याला माणसाचा हात न लागलेलं काहीतरी हवं असतं. इथे माणसाचा हात आधी लागला, मग नदीने शंभर वर्षं आपलं काम केलं आणि मग पाखरं आली. रामसरच्या करारातही पाणथळ जागेच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमची आणि हंगामी, अशा सगळ्या धरल्या आहेत. 1971 साली इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर गावात ज्यांनी तो मजकूर लिहिला, त्यांनी बंधाऱ्यामागचा गाळही मोजला, याबद्दल मला त्यांच्याविषयी कृतज्ञता आहे.

आता पाण्याच्या खोलीबद्दल. डिसेंबरात इथे आलात तर थंडीची तयारी करून या. निफाडचा पारा महाराष्ट्रात सगळ्यात खाली जाणाऱ्यांपैकी, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे दरवर्षी बातम्यांत येतात. धुकं उठेपर्यंत काही दिसत नाही, नुसते आवाज येतात. वारकरी पक्ष्यांची टुकटुक, शिट्ट्या, पंख पाण्यावर आपटल्याचा फटफटाट, मधूनच जांभळ्या पाणकोंबडीचा चिरका ओरडा. मग ऊन वर आलं की एकेक पडदा सरकतो आणि लक्षात येतं की इतकी पाखरं एकत्र दिसत असली तरी ती एकमेकांत मिसळलेली नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि ती जागा पाण्याची खोली ठरवते.

अगदी कडेला, जिथे गवत ओलं आहे पण पाणी साचलेलं नाही, तिथे पिवळे धोबी शेपटी हलवत पळत असतात. त्याच्या पुढे, चिखल जिथे बोट रुतेल इतका मऊ आहे तिथे पाणलावा. रंग इतका मातीचा की तो उडाल्याशिवाय दिसत नाही. लांब सरळ चोच चिखलात खुपसून आतल्या अळ्या तो चोचीच्या टोकाने चाचपतो. घोटाभर पाण्यात तुतवार आणि शेकाटे. शेकाट्याचे ते गुलाबी लांब पाय पाहिले की वाटतं हा अजून बराच आत जाईल, पण तो सहसा मधेच थांबतो. त्याच्या पुढच्या पट्ट्यात चमचे, चमच्यासारख्या चोचीचे पक्षी. एका ओळीत उभे राहून अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतात, काही लागलं की मिटतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं स्पर्शावर. गढूळपणा त्यांना अडचणीचा नाही, गढूळ पाण्यातच त्यांची चोच बाकीच्यांपेक्षा वरचढ ठरते.

गुडघाभर पाणी बदकांचं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून तो डोकं खाली आणि शेपूट वर करून तळापर्यंत पोहोचतो. चक्रांगाची मान आखूड, तो कडेच्या कमी पाण्यात राहतो. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, तिच्या कडांना बारीक कंगवे. तो पृष्ठभाग गाळून खातो, आणि कधी कधी थापटे गोल फिरत पाणी ढवळून वर येणारं अन्न टिपत असतात. ती फेर धरलेली मंडळी एकदा दिसली की दुर्बीण खाली ठेववत नाही. खोल पाणी वारकऱ्यांचं, ते बुडी मारून तळाची पाणवनस्पती वर घेऊन येतात. कंबरेच्या वर पाणी गेलं की पाणकावळे, आणि आकाशातून कैकर. बोरूच्या बनात वेगळंच जग. जांभळी पाणकोंबडी एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायात पाणकणसाचा कोंब धरते आणि सोलून खाते. जांभळा बगळा त्याच बनात ताटांसारखा ताठ उभा असतो. वरून दलदल भोवत्या अगदी खालून उडत जातो आणि त्याच्या सावलीबरोबर बदकांचे थवेच्या थवे उठतात.

मुग्धबलाक या करकोच्याबद्दल थोडं जास्त लिहायलाच हवं. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. पिल्लाला ती फट नसते, मोठं होता होता ती येते. त्याचं मुख्य खाणं गोगलगायी. चोचीचं टोक शिंपल्यात घालून आतला स्नायू तो कापतो आणि मऊ अंग बाहेर ओढतो, शंख बहुतेक वेळा फुटतही नाही. नांदूरच्या काठावर असे रिकामे, धडधाकट शंख पडलेले दिसतात. माझ्या सोबत असलेल्या पोराने, गावातलाच, वनविभागाने तयार केलेल्या गाइडांपैकी एक, तसा एक शंख माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, बघा, टवकाबी उडाला नाही. एवढं सफाईचं काम आपल्याला चाकूने जमायचं नाही." ही पोरं इथली खरी जाणकार आहेत. नाव त्यांना मराठीत माहीत असतं, इंग्रजीत माहीत असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काल कोण कुठे बसला होता हे माहीत असतं.

265 च्या आसपास पक्ष्यांच्या जातींची नोंद इथे आहे. पण पक्ष्यांच्या यादीत न मावणारेही आहेत. उसात बिबट्या आहे, निफाडकरांना तो चांगलाच परिचयाचा. पाण्यात देवळालीचा मासा आहे, ज्याचं शास्त्रीय नाव प्रेटर या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहपालावरून ठेवलं गेलं. 1938 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याला बघायला कुणी मनोऱ्यावर चढत नाही. या जागेला रामसर दर्जा देताना ज्या जातींचा खास उल्लेख झाला त्यांत हा बोटभर मासा आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं.

इथे थांबून खोलीच्या हिशेबाकडे परत बघा. पाण्याची पातळी एक फूट वर गेली तर काय होईल? पाणलाव्याचा चिखल बुडेल, तुतवारांचा पट्टा जाईल, चमचा आत उभा राहू शकणार नाही, चक्रांगाला तळ लागणार नाही. एक फूट खाली गेली तर बदकं उठतील, चिखल भेगाळेल, बोरूच्या बनापर्यंत कोल्ही-कुत्री चालत जातील. म्हणजे हे सगळं वैभव, मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांसकट, एका फुटाच्या आत तोललेलं आहे. आणि तो फूट वनविभागाच्या हातात नाही. तो आवर्तनाच्या हातात आहे. कालव्याच्या तोंडाशी ठरावीक पातळी राहिली तरच पाणी कालव्यात चढतं, म्हणून एरवी पातळी बऱ्यापैकी टिकते. कोपरगावच्या उसाला पाणी हवं असतं म्हणून नांदूरच्या चमच्याला गुडघाभर पाणी मिळतं. इतकं सरळ नातं आहे ते.

नांदूरमध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. राजस्थानातल्या भरतपूरचं नाव घेतो तेव्हा आपल्याला तिथली पाखरं आठवतात. मला तिथली दोन प्रकरणं आठवतात, कारण ती दोन्ही पाणथळ कुरण कसं चालतं ते शिकवतात.

पहिलं गवताचं. भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982 मध्ये तिथे गुरांची चराई बंद केली गेली. पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या गावांच्या म्हशी तिथल्या उथळ पाण्यात उतरून गवत खात होत्या. बंदीला विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. उद्यान आता मोकळा श्वास घेईल अशी अपेक्षा होती. घडलं उलटं. म्हशी गेल्या आणि पास्पॅलम नावाचं पाणगवत मोकाट वाढलं. त्याच्या जाड गालिच्याखाली उघडं पाणी नाहीसं होत गेलं, मासे घटले, बदकांना उतरायला जागा उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे जवळपास दशकभर अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की त्या पाणथळीला म्हशींची गरज होती. ज्या संस्थेची माणसं आधी चराईबंदीच्या बाजूची होती, तिनेच आकडे मोजून हे मांडलं. मला त्या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं. पण मेलेली माणसं परत आली नाहीत, हेही विसरता येत नाही.

दुसरं पाण्याचं. भरतपूरची पाणथळही मानवनिर्मितच, अजान बंधाऱ्यातून येणाऱ्या पाण्यावरची. वरच्या अंगाला पांचना धरण झालं, तिथल्या शेतकऱ्यांनी आपलं पाणी खाली सोडायला विरोध केला आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत जागतिक वारसा असलेलं ते उद्यान कोरडं पडलं. कायदा होता, कुंपण होतं, पाटी होती, पाणी नव्हतं. त्याच सुमारास, 2002 मध्ये, तिथे शेवटचे सायबेरियन क्रौंच दिसले. त्यांच्या नाहीशा होण्यामागे प्रवासाच्या वाटेवरची शिकार हे मोठं कारण होतं, एकट्या भरतपूरच्या पाण्यावर ते ढकलता येणार नाही. पण उथळ पाण्यातले कंद उकरून खाणारा तो पक्षी जिथे उतरायचा ती जागा कोरडी असावी, याचं दुःख होतंच.

तिसरं उदाहरण मणिपूरचं. लोकताक सरोवरावरचं केइबुल लामजाओ, तरंगतं कुरण. कुजलेल्या वनस्पती आणि मुळांचे जाड थर, फुमदी, पाण्यावर तरंगतात आणि त्यांच्यावर सांगाई हरणं चरतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पूर्वी ही फुमदी तळाला टेकायची, मुळं मातीतून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात पुन्हा वर यायची. 1983 मध्ये इथाईचा बांध सुरू झाला, जलविद्युतसाठी पाणी बारमाही वर राहिलं, फुमदीला तळ मिळेना आणि ती विरळ होत चालली. हरणाचा भार तिला पेलेनासा झाला. नांदूरला बंधाऱ्याने कुरण दिलं, लोकताकला बंधाऱ्याने कुरण पोखरलं. बांध चांगला की वाईट हा प्रश्नच मला यामुळे अपुरा वाटतो. पाणी किती, कधी, किती दिवस, हे विचारायला हवं.

आता परत निफाडात. गाळाची दुसरी बाजू चांदोरी आणि सायखेड्याला जाऊन ऐकायला हवी. ही गावं बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत. पाणी खूप उतरतं तेव्हा चांदोरीजवळ गोदापात्रातली जुनी मंदिरं उघडी पडतात, आणि पूर येतो तेव्हा बाजारपेठ पाण्यात जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये घरांत, दुकानांत पाणी शिरलं. तिथल्या लोकांचं म्हणणं स्पष्ट आहे: नांदूरमध्यमेश्वरमध्ये गाळ साचलाय, फुगवटा आमच्यापर्यंत येतो, गाळ काढा, दरवाजे वाढवा. माझ्यासमोर एक बाई भिंतीवरची पाण्याची रेघ हाताने दाखवत होत्या. रेघ त्यांच्या डोक्याच्या वर होती. त्यांच्यापुढे मुग्धबलाकाच्या चोचीचं कौतुक करायला माझी जीभ रेटली नाही, आणि त्यांनी माझ्याशी सहमत व्हावं अशी अपेक्षाही मला ठेवता येणार नाही.

तरीही माझं मत आहे ते सांगते. पाणी वाहून जाण्याची मुख्य वाट मोकळी करणं आणि सगळं तळं खरवडून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराचा प्रवाह जिथून जातो ते पात्र खोल आणि मोकळं असलं पाहिजे, त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तिथे पाखरांची सबब पुढे करू नये. पण बेटं, कडेची दलदल, बोरूची बनं आणि त्यांच्या मधलं गुडघाभर पाणी एकदा यंत्र लावून खणलं तर ते पुन्हा तयार व्हायला आणखी शंभर वर्षं लागतील. कुठे खणायचं आणि कुठे यंत्राने पाय ठेवायचा नाही, याची रेघ नकाशावर काढता येते. ती काढताना जलसंपदाचे अभियंते, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे आणि चांदोरी-सायखेड्याची माणसं एका टेबलाला बसलेली मला बघायची आहेत.

काठावरच्या शेतकऱ्याचीही बाजू आहे. अभयारण्य शंभर चौरस किलोमीटरचं, त्यात गावं, द्राक्षबागा, उसाचे फड, कांद्याची वावरं सगळं आलं. रामसरचं क्षेत्र त्याच्या मानाने फार कमी, 1437 हेक्टर, म्हणजे प्रत्यक्ष पाणी आणि दलदल. एका शेतकरीमामांनी मला त्यांचं गव्हाचं वावर दाखवलं. काठाकडची पट्टी कुरतडलेली. रात्री वारकरी आणि बदकं येऊन कोवळा गहू खातात, असं ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मागल्या पिढीनं बी सोसलं, आम्ही बी सोसतो. पण कुणी येऊन विचारलं तर बरं वाटंल. फोटोवाले येतात, बांधावरून गाड्या घालतात, राम राम बी करत नाहीत." त्यांच्या म्हशी तेवढ्यात पाण्यात उतरल्या होत्या. त्यांच्या पायांशी गायबगळे, मागे पिवळे धोबी. भरतपूरची गोष्ट माहीत असल्यामुळे मी त्या म्हशींकडे जरा जास्त आदराने बघत राहिले. इथे म्हशी किती चराव्यात, कुठल्या महिन्यात, हा अभ्यासाचा विषय आहे. आज सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक, दोन्ही मला धोक्याच्या वाटतात.

सगळ्यात जास्त काळजी मला जलपर्णीची आहे. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली, आणि तिला लागतं ते सगळं नाशिक शहर तिला पुरवतं. सांडपाण्याबरोबर येणारं नत्र आणि स्फुरद, संथ पाणी, ऊन. शहराच्या खाली गोदावरीचा रंग आणि वास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मार्चपासून जलपर्णीचे हिरवे तराफे एकमेकांना चिकटत जातात, खालच्या पाण्याला ना प्रकाश मिळतो ना प्राणवायू. कमळपक्षी त्याच्यावरून लांब बोटं टाकत चालतो म्हणून काहींना ते दृश्य सुंदर वाटतं. पण त्याच्या खाली मासा गुदमरतो, गोगलगाय गुदमरते, आणि मग मुग्धबलाक तरी कशासाठी येईल? पावसाळ्यातला मोठा पूर आला की जलपर्णी बंधाऱ्यावरून वाहून खाली जाते. चांदोरीला बुडवणारा पूरच तळ्याला धुऊन काढतो, ही या जागेची फार अवघड बाजू आहे. शिवाय धुतलेली जलपर्णी संपत नाही, ती पुढच्या गावाच्या वाट्याला जाते. तिच्यावरचा खरा उपाय इथे नाही, चाळीस किलोमीटर वर, नाशिकच्या नाल्यांच्या तोंडाशी आहे. मी नाशिकची आहे आणि माझ्या घरातलं पाणीही त्याच नदीला जातं, त्यामुळे हे मी कुणा दुसऱ्याबद्दल बोलत नाही.

मग या जागेसाठी मागायचं काय? मनोरे झाले, निवास झाले, पक्षीमहोत्सव झाले, ते चांगलंच आहे. त्यातून गावच्या पोरांना रोजगार मिळाला. मला आणखी एक मागायचं आहे आणि ते अगदी रूक्ष आहे. दरवर्षी पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. पिण्यासाठी किती, शेतीला किती, उद्योगांना किती, आवर्तनं किती आणि कधी, यावर तिथे भांडाभांडी होते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर जायकवाडीला समन्यायी वाटपाचं पाणी सोडायचं की नाही, हा वाद दुष्काळी वर्षी त्यात भर घालतो. नाशिक विरुद्ध मराठवाडा असं त्याला रूप येतं आणि प्रत्येक घोट मोजला जातो. हे मोजणं मला मान्य आहे, ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याने ते का मोजू नये?

त्या बैठकीसमोर वनविभागाने एक पानाचं निवेदन ठेवावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नांदूरमध्यमेश्वरची पातळी कोणत्या दोन खुणांच्या मधे राहावी, आवर्तनासाठी ती उतरवायची झाली तर दिवसाला किती बोटांपेक्षा वेगाने उतरवू नये, मार्चनंतर काठचा चिखल उघडा पडू द्यायचा का आणि किती दिवस, एवढंच. यात नव्याने पाणी मागणं नाही. जे पाणी कोपरगावला, वैजापूरला जायचंच आहे ते तिकडेच जाईल, फक्त वाटेत इथे कसं थांबेल आणि कसं निघेल ते ठरेल. झटक्यात तीन फूट उतरलेलं तळं आणि तीन आठवड्यांत हळूहळू उतरलेलं तळं यांत कालव्याला मिळणारं पाणी सारखंच असतं. पण हळू उतरणाऱ्या पाण्याच्या मागे रोज चिखलाची एक नवी ओली पट्टी उघडी पडते आणि उत्तरेकडे परतीच्या प्रवासाला निघण्याआधी अंगावर चरबी चढवणाऱ्या तुतवारांना, पाणलाव्यांना, धोब्यांना तीच हवी असते.

पातळीची नोंद बंधाऱ्यावर रोज होते. पक्ष्यांच्या गणना वर्षानुवर्षं होतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून कुणीतरी दहा-पंधरा हिवाळ्यांचा मेळ घालावा: कुठल्या पातळीला चमचे किती होते, पाणी एकदम उतरलं त्या आठवड्यात बदकं कुठे गेली, जलपर्णी कुठल्या महिन्यात किती पसरली. नाशिक, निफाड, सिन्नरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि भूगोल शिकणारी मुलं आहेत, चापडगावची गाइड पोरं आहेत, आणि यंदाचा हिवाळा दिवाळीनंतर सुरू होतोच आहे.